झुंबर घ्यायचंय? आधी टेप, मग शिडी, शेवटी दुकान

नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेलं की एक दृश्य हमखास दिसतं. हॉलच्या मधोमध झुंबर आणि बरोबर त्याच्याखाली सरकवलेला टीपॉय. तो टीपॉय शोभेसाठी नसतो, उंच पाहुण्यांची डोकी वाचवायला असतो. पंखा कुठे म्हणावं तर तो भिंतीवर गेलेला, कारण छतातल्या एकमेव कडीला झुंबर लटकलेलं. मे महिन्यात याच घरी परत गेलात तर कोपऱ्यात स्टँडचा पंखा घरघरत असतो आणि त्याच्या वाऱ्याने झुंबराचे लोलक किणकिणत असतात.

घरांच्या आतल्या कामांवर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षं गेली. दिव्यांच्या बाबतीत पाहिलेल्या घोटाळ्यांचं मूळ जवळपास नेहमी एकच निघालं: झुंबर आधी आलं, विचार नंतर. दुकानात ते छान दिसतं, कारण तिथलं छत उंच असतं, पंखा नसतो, आजूबाजूला पन्नास दिवे पेटलेले असतात आणि खालून कुणी कपड्यांची बादली घेऊन जात नसतं. म्हणून इथे दुकान आठव्या टप्प्यावर ठेवलंय. कंटाळा आला तरी क्रम मोडू नका.

टप्पा १ : जागा ठरवा

पहिला प्रश्न दिव्याचा नाहीच. घरात माणसं कुठून कुठे चालतात, हा आहे. दारातून स्वयंपाकघराकडे, सोफ्यावरून बाल्कनीकडे, बेडरूममधून बाथरूमकडे. या वाटा सोडून जे उरतं तिथेच काही लटकवता येतं. फ्लॅटमध्ये अशा जागा मोजक्या असतात: जेवणाच्या टेबलावर, सोफ्याच्या बाजूचा कोपरा, पलंगाच्या उशालगत, जिन्याची मोकळी विहीर. हॉलचा मध्य ही त्यातली सगळ्यात कमी सोयीची जागा, आणि बहुतेकांना हवी असते नेमकी तीच.

जागा मनात धरली की तिथे उभं राहून आजूबाजूला काय काय उघडतं ते पाहा. माळ्याची दारं, वॉर्डरोबचे वरचे पल्ले, बाहेरून आत उघडणारं दार. एका घरी उशाजवळचा सुंदर काचेचा दिवा वॉर्डरोबच्या पल्ल्याने तिसऱ्याच दिवशी फुटला. पल्ला बंद असताना माप घेतलं होतं, आणि घेणारा मीच होतो.

एसीचा झोत थेट येतो का, खिडकीतून वारा येतो का, टीव्हीच्या काचेत दिवा दिसेल का, हेही आत्ताच बघा. दरवर्षी ज्या कोपऱ्यात गणपती बसतो तिथे दिवा लावायचा बेत असेल, तर मखराच्या कमानीची उंची आठवा.

तपासा : घरातल्या सगळ्यात उंच माणसाला ठरवलेल्या जागी उभं करा आणि दोन्ही हात वर करायला सांगा. शर्ट घालताना, पडदा सारताना, जळमटं काढताना हात तिथवर जाणार असतात.

टप्पा २ : मापं घ्या आणि कागदावर लिहा

मापं तोंडपाठ ठेवून दुकानात जाऊ नका. तिथे गेल्यावर नऊ फुटांचे दहा व्हायला वेळ लागत नाही. एवढं लिहून घ्या:

१. फरशीपासून छतापर्यंतची उंची. फॉल्स सीलिंग असेल किंवा होणार असेल तर त्याच्या खालच्या पातळीपर्यंतची उंची वेगळी लिहा.
२. खोलीच्या ज्या भागासाठी दिवा हवा आहे, त्या भागाची लांबी-रुंदी. पूर्ण हॉलची नाही.
३. टेबलाची लांबी, रुंदी, उंची.
४. छतातला पॉइंट आणि पंख्याची कडी भिंतींपासून किती अंतरावर आहेत.
५. पंख्याचा स्वीप, म्हणजे पात्यांच्या टोकांचं वर्तुळ. घरातला नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण ४८ इंची असतो.

कागदावर छताचा साधा नकाशा काढा. बीम कुठून जातो तेही दाखवा. बीम विसरला की ओळीने लावलेले तीन दिवे टेबलावर सरळ रेषेत येतात आणि मधल्याची छताकडची वाटी, म्हणजे वायरीचा जोड झाकणारं झाकण, नेमकी बीमच्या कडेवर.

पुढचं गणित समजायला एक उदाहरण घेऊ. हॉल ११ फूट रुंद, १८ फूट लांब. त्यातला ११ × १० बसायचा भाग, ११ × ८ जेवायचा. उंची साडेनऊ फूट, म्हणजे ११४ इंच. फॉल्स सीलिंग ६ इंच खाली आलं, उरले १०८.

टप्पा ३ : उंचीचं गणित

ज्याच्या खालून माणूस जाणार, त्या दिव्याचं सगळ्यात खालचं टोक फरशीपासून किमान ७ फुटांवर, म्हणजे ८४ इंचांवर हवं. आपल्या हॉलमध्ये १०८ मधून ८४ गेले, राहिले २४ इंच. या २४ इंचांत छताकडची वाटी, साखळी आणि झुंबर हे सगळं बसायला हवं. लोक इथेच फसतात. पाटीवर उंची २२ इंच असं वाचतात आणि बसतंय म्हणतात. ती बहुधा नुसत्या अंगाची उंची असते, साखळी आणि वाटी वेगळी. दुकानदाराला ‘टोटल ड्रॉप (छतापासून खालच्या टोकापर्यंतची सगळी लांबी) किती, साखळी कमीत कमी किती होते?’ असंच विचारा.

साडेनऊ फुटांच्या घरात फॉल्स सीलिंग करून वर लोलकांचं तीन मजली झुंबर लावायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. छताला चिकटून बसणारे, १० ते १२ इंच खोलीचे दिवे मिळतात, ते घ्या. नाहीतर तेवढ्या भागात फॉल्स सीलिंग करूच नका, ६ इंच परत मिळतात.

टेबलावरच्या दिव्याचं गणित वेगळं, कारण टेबलातून कुणी चालत नाही. टेबलाच्या पाटापासून दिव्याच्या खालच्या कडेपर्यंत ३० ते ३६ इंच ठेवायचे. टेबल ३० इंच उंच, वर ३२ इंच धरले तर दिव्याची कड फरशीपासून ६२ इंचांवर येते. छत १०८ वर, म्हणजे वाटीपासून शेडच्या खालच्या कडेपर्यंत ४६ इंच. ३० पेक्षा खाली आणलात तर समोरच्याचं तोंड दिसत नाही आणि आमटी वाढताना हात शेडला लागतो. ३६ च्या बरंच वर नेलात तर बसलेल्यांच्या डोळ्यांत उघडा बल्ब येतो.

उशाजवळच्या हँगिंग दिव्याची खालची कड फरशीपासून साधारण ४ फुटांवर असावी. पलंगावर आडवं होऊन बघा. बसल्यावर झाकलेला वाटणारा बल्ब झोपल्यावर थेट डोळ्यांत येतो, म्हणून तिथे खालून दुधी काच असलेली शेडच बरी.

बंगल्यात किंवा डुप्लेक्समध्ये जिन्याच्या विहिरीत मोठं झुंबर शोभतं. तिथे उंचीची अडचण नसते, पोहोचण्याची असते. बल्ब गेला की शिडी कुठे टेकवायची? याचं उत्तर नसेल तर मोटरवर खाली येणारी यंत्रणा आधीच बसवून घ्या, नाहीतर दर वेळी परांची बांधावी लागेल.

थांबा : टेबल अजून घेतलेलं नसेल तर त्याच्यावरच्या दिव्याची उंची आणि जागा ठरवू नका. ‘टेबल साधारण इथेच येईल’ या भरवशावर काढलेले पॉइंट पुढे चुकतातच.

टप्पा ४ : आकार, आणि पंख्याशी तडजोड

झुंबराच्या व्यासाचा सोपा हिशेब आहे. भागाची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज करा, तेवढे इंच व्यास धरा. बसायचा भाग ११ × १०, बेरीज २१, म्हणून २१ इंचांच्या आसपास. पूर्ण हॉलची बेरीज केली असती तर २९ आली असती, आणि तेवढं झुंबर त्या सोफ्यावर छत्रीसारखं दिसलं असतं.

टेबलावरच्या दिव्याची रुंदी टेबलाच्या रुंदीच्या निम्मी ते दोन तृतीयांश. तीन फुटी टेबलाला १८ ते २४ इंच. कुठल्याही बाजूला टेबलाच्या कडेपासून ६ इंच आत राहिला पाहिजे, नाहीतर उठणाऱ्याचं कपाळ आणि दिवा यांची गाठ पडते. ओळीने तीन दिवे हवे असतील तर ५ फुटी टेबलावर ८ इंची शेड घ्या आणि १५-१५ इंचांवर लावा. बारा इंची तीन शेड त्यात दाटी करतात, तेवढ्याच मोठ्या हव्या असतील तर दोनच घ्या.

आता पंखा. परदेशी मासिकातल्या फोटोत तो नसतो, आपल्याकडे तो काढता येत नाही. नियम असा ठेवा: पात्याच्या टोकापासून दिव्याच्या कडेपर्यंत २ फूट मोकळे. याहून जवळ आलं की वायरवरचा हलका दिवा डोलतो, लोलक वाजतात, आणि दिवा पात्यांच्या वर असेल तर पात्यांच्या सावल्या खोलीभर फिरून डोकं उठतं.

हे आपल्या हॉलवर लावून बघू. बसायच्या भागात पंखा मधोमध. २१ इंची झुंबर हवं तर पंख्याच्या मध्यापासून झुंबराच्या मध्यापर्यंत पात्याचे २४, मोकळे २४ आणि झुंबराचे साडेदहा, एकूण साडेअठ्ठावन्न इंच लागतात. जवळजवळ पाच फूट. पंखा भिंतींपासून पाच-साडेपाच फुटांवरच आहे, म्हणजे झुंबर भिंतीत जातं. निकाल लागला, इथे झुंबर नाही.

जेवायच्या भागातही बिल्डरने मधोमध पंख्याची कडी दिलेली, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून साडेपाच फुटांवर. टेबल लांबीने भिंतीला लावलं तर त्याचा मध्य भिंतीपासून दीड फुटावर, पंख्याच्या मध्यापासून ४ फुटांवर, म्हणजे ४८ इंच. ८ इंची शेड धरून १२०० च्या पंख्याला लागतात २४ + २४ + ४ = ५२. चार इंच कमी पडले. पंखा ९०० मिलिमीटरचा घेतला तर १८ + २४ + ४ = ४६. बसलं. जेवायच्या आठ बाय अकराच्या भागाला ९०० चा पंखा पुरतो. पंखा बदलायचा खर्च झुंबराच्या मानाने काहीच नाही, पण हे गणित दिवा आणल्यावर कळलं तर भांडण होतं.

तपासा : ठरलेल्या व्यासाची दुरडी किंवा पुठ्ठ्याचा खोका घ्या, सुतळीने छतावरून ठरलेल्या उंचीवर टांगा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. घरात हसतील. पण पहिल्याच संध्याकाळी कोण तरी खाली वाकून जाताना दिसतं, टीव्ही बघताना कोण तरी मान वाकडी करतं, आणि सासूबाई म्हणतात, ‘हे एवढं खाली राहणार आहे का?’ दुरडी वर-खाली करायला पैसे पडत नाहीत.

टप्पा ५ : वजन कोण पेलणार?

फॉल्स सीलिंगचा जिप्समचा पत्रा किंवा पीओपी झुंबराचं वजन पेलत नाही. कितीही स्क्रू मारा. त्यात वरून प्लायचा तुकडा सरकवून त्याला दिवा अडकवणं हाही उपाय नाही, कारण तो तुकडा शेवटी त्याच पत्र्यावर टेकलेला असतो. वजन स्लॅबवरच गेलं पाहिजे: एक तर स्लॅब ओततानाच घातलेल्या फॅन बॉक्सच्या कडीवर, नाहीतर काँक्रीटमध्ये भोक पाडून बसवलेल्या अँकर फास्टनरच्या हुकावर.

म्हणून क्रम असा: आधी स्लॅबला हूक, मग त्याच्यापर्यंत वायर, मग फॉल्स सीलिंग. उलटा क्रम केलात तर तयार छत फोडावं लागतं. पीओपीवाला पत्रा बंद करण्याआधी हूक, वायर आणि टेप तिन्ही एका फोटोत येतील असे फोटो काढून ठेवा, दोन भिंतींपासूनचं अंतर वाचता येईल असे. पाच वर्षांनी हे फोटो सोन्याच्या भावाचे होतात.

पॉइंट हव्या त्या जागी नसेल तर वायर फॉल्स सीलिंगच्या आतून न्या, ते नसेल तर छतावरून केसिंग पट्टीने. किंवा दुसरा हूक मारून वायर सैल झोकात आणून सोडा, आजकाल तसे दिवे मुद्दाम मिळतात. पण वायर लपवायला स्लॅबच्या पोटात खाच पाडू देऊ नका. आत सळया असतात, त्यांच्यावरचं काँक्रीटचं आवरण पातळ असतं आणि ते गेलं की गंज सुरू होतो.

जुन्या वाड्यात किंवा तुळई-पाटण असलेल्या घरात हूक तुळईतच हवा, आणि तुळईला वाळवी नाही ना हे सुताराकडून ठोकून बघून घ्या. तिथे जड झुंबराचा हट्ट मी तरी धरणार नाही.

तपासा : नवीन हुकाला झुंबराच्या किमान दुप्पट वजनाचं पोतं बांधा. ८ किलोचं झुंबर असेल तर १६-२० किलो तांदूळ. एक रात्र लटकू द्या, खाली गादी टाका. सकाळी फास्टनर तसूभरही खाली आलेला दिसला तर ते भोक सोडून दुसरीकडे पाडायला सांगा.

टप्पा ६ : वायरिंग आणि स्विच

हे काम परवानाधारक वायरमनचंच. पण काय मागायचं ते तुम्हाला माहीत हवं.

धातूच्या झुंबराला अर्थिंग लागतं. छतातल्या पॉइंटला बऱ्याचदा दोनच वायरी आणलेल्या असतात आणि झुंबरातून आलेली हिरवी वायर वायरमन गुंडाळून वाटीत कोंबतो किंवा सरळ कापतो. ‘दिव्याला काय अर्थिंग?’ हे वाक्य ऐकलंत की काम थांबवा. ज्याला पुसताना तुम्ही दोन्ही हातांनी धरणार, त्या पितळी अंगात करंट उतरू शकतो. घराच्या डीबीत (सगळ्या ओळी जिथून फुटतात त्या पेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, आहे का तेही याच निमित्ताने बघून घ्या.

आट्यांच्या होल्डरमध्ये फेज (करंट आणणारी वायर) मधल्या टोकाला आणि न्यूट्रल (परतीची वायर) आट्यांच्या बाजूला यायला हवा. उलटं झालं तर बल्ब बदलताना बोट लागण्याची जागाच जिवंत असते. तसंच स्विच फेजवर हवा, न्यूट्रलवर नको. न्यूट्रलवर घातला की बंद केल्यावरही एलईडी रात्रभर अंधूक पेटलेला राहतो आणि लोक बल्बला दोष देतात. स्विचमध्ये छोटा इंडिकेटर दिवा असला तरी कधीकधी तसंच होतं.

मोठ्या झुंबराला दोन स्विच मागा: रोजचे निम्मे बल्ब एकावर, उरलेले दुसऱ्यावर. सगळे एकाच स्विचवर असले की झुंबर फक्त दिवाळीला लागतं.

मंद करायची सोय हवी असेल तर बल्ब, झुंबरातला ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारी डबी) आणि डिमर हे तिन्ही एकमेकांना चालणारे लागतात. बल्बच्या खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं नसेल तर तो डिमरवर लुकलुकणार किंवा लवकर जाणार.

थांबा : पंख्याची कडी झुंबराला दिली असेल तर बोर्डातला पंख्याचा रेग्युलेटर त्या ओळीतून काढून टाका. ‘राहू दे, पाचवर ठेवा’ हे ऐकू नका. घरातलं कुणी तरी तो फिरवणारच.

टप्पा ७ : किती उजेड, कुठल्या रंगाचा

घरगुती हिशेबाला चौरस फुटाला २० ल्युमेन (उजेडाचं माप) धरा. जेवायचा भाग ८८ चौरस फूट, म्हणजे साधारण १७६० ल्युमेन. ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब ८०० ते ९०० ल्युमेन देतो, तेव्हा दोन बल्ब पुरतात. मात्र शेड गडद किंवा धातूची असेल तर उजेड फक्त खाली पडतो आणि भिंती काळोख्या राहतात. अशा वेळी भिंतीवर एक दुसरा दिवा हवाच.

उलटी चूकही होते. १२ होल्डरचं झुंबर, प्रत्येकात ९ वॅटचा बल्ब: दहा हजारांच्या आसपास ल्युमेन. ११० चौरस फुटांच्या बसायच्या भागाला २२०० पुरे असताना! लग्नाचा हॉल झाला. अशा झुंबरात २ वॅटचे फिलामेंट एलईडी लावा. पिवळ्या तारेच्या जुन्या ४० वॅटच्या बल्बांचा मोह टाळा, बारा बल्ब म्हणजे ४८० वॅट, रोज चार तास जाळले तर दिवसाला जवळपास दोन युनिट, आणि उकाडा वेगळा.

रंगाचा आकडा केल्विनमध्ये असतो. २७०० ते ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. जेवणाच्या टेबलावर आणि बैठकीत ३००० घ्या. ६५०० खाली वरण सुद्धा आजारी दिसतं. आपल्याकडे ‘पिवळा उजेड म्हणजे अंधार’ अशी एक पक्की समजूत आहे. ती ल्युमेन कमी पडल्यामुळे झालेली असते, रंगामुळे नव्हे. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असतो, तो ८० च्या खाली नको, ९० मिळाला तर उत्तम.

स्विच पुन्हा पुन्हा दाबून तीन रंग बदलणारे दिवे सध्या फार खपतात. एकच दिवा असेल तर ठीक. ओळीने तीन लावून एका स्विचवर घेतलेत, तर कधी ना कधी त्यांचा मेळ सुटतो, एक पिवळा, दोन पांढरे. मग जेवण सोडून स्विचशी खेळत बसा. टेबलावरच्या ओळीसाठी एका रंगाचेच घ्या.

टप्पा ८ : आता दुकान

मुंबईत लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर जवळचं दुकान. मापांचा कागद आणि टेप सोबत. आवडलेला दिवा खाली काढायला सांगा, टेबलावर ठेवून टेप लावा. मग आजूबाजूचे सगळे दिवे बंद करून तो एकटाच पेटवायला सांगा. नाखुशीने करतात, पण करतात. खरा उजेड आणि खऱ्या सावल्या तेव्हाच दिसतात.

बघायच्या गोष्टी, महत्त्वाच्या क्रमाने:

बल्ब बदलता येतो का? होल्डर बी-२२ पिनांचा, ई-२७ किंवा ई-१४ आट्यांचा असेल तर आयुष्यभर बल्ब मिळतात. जी-९ सारख्या छोट्या पिनांच्या बल्बसाठी गावात शोधाशोध करावी लागते. आतच एलईडी पट्टी बसवलेली असेल तर ड्रायव्हर निराळा बदलता येतो का आणि तो वाटीतच बसतो का ते विचारा. फॉल्स सीलिंगच्या वर टाकलेला ड्रायव्हर गेला की हात पोहोचत नाही. अशा दिव्यावर किंवा ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा.

शेड वर तोंड करून आहे का? वाटीसारख्या वर उघडणाऱ्या शेड दुकानात गोड दिसतात. पहिल्या पावसानंतर त्यात पाकोळ्या आणि चिलटं मरून पडतात, आणि पेटवल्यावर काचेच्या तळाशी काळा थर दिसतो. खिडकीला जाळी नसेल तर या वाटेला जाऊच नका.

धातू कोणता? किनाऱ्यालगतच्या गावांत खारी हवा लोखंडावरचा सोनेरी मुलामा फार टिकू देत नाही. जोडांपाशी आधी तपकिरी ठिपके, मग पापुद्रे. तिथे भरीव पितळ, चांगलं स्टेनलेस किंवा पावडर कोटिंग घ्या. लोहचुंबक खिशात ठेवा: ‘पितळ’ म्हणून दाखवलेल्या दांडीला चिकटला तर ते पितळ नव्हे.

लोलक काचेचे की अ‍ॅक्रिलिकचे? काच हाताला गार लागते आणि जड असते. अ‍ॅक्रिलिक हलकं, पण पुसून पुसून धुरकटतं. हुकाबद्दल शंका असेल तर अ‍ॅक्रिलिकच बरं, त्यात कमीपणा नाही.

स्वयंपाकघरात आणि त्याला लागून असलेल्या उघड्या जेवणघरात फोडणीचा तेलकट थर सगळ्यावर बसतो. तिथे वेत, कापड, सुतळीचा गोळा, पिसं अशा शेड दोन वर्षांत चिकट होतात. गुळगुळीत काच किंवा धातू घ्या, साबणाच्या फडक्याने निघेल असा.

बिल करण्याआधी दोन जास्तीच्या शेड आणि मूठभर लोलक मागून घ्या. तीच शेड पुढल्या वर्षी मिळत नाही.

थांबा : ऑनलाइन घेत असाल तर फोटोवर भरवसा नको, मापांच्या ओळीवर ठेवा. खोका उघडताना पहिल्यापासून व्हिडिओ काढा आणि लोलक मोजा.

टप्पा ९ : बसवण्याचा दिवस

रंगाचा शेवटचा हात वाळल्यावरच झुंबर लावा. आधी लावून प्लास्टिकची पिशवी घातली तरी रंगाचे शिंतोडे उडतातच.

१. मेन किंवा त्या ओळीचा एमसीबी (डीबीतला तिचा स्विच) बंद. नुसता स्विच बंद करून भागत नाही. टेस्टरने पॉइंट तपासा.
२. झुंबराचा सांगाडा खाली गादीवर जोडा. लोलक आणि काचा आत्ता नको.
३. साखळीचे कडे कमी करा, पण वायर लगेच कापू नका. आधी टांगून उंची पाहा. मग वाटीत सहा इंच वायर जास्त ठेवून कापा. आखूड कापलेल्या वायरीला मध्ये जोड देऊन टेप गुंडाळणं हा पुढच्या बिघाडाचा पाया.
४. वजन साखळीवर किंवा दोरावर आलं पाहिजे, वायरीवर नाही. वायर साखळीतून सैल फिरलेली दिसायला हवी.
५. फेज, न्यूट्रल, अर्थिंग जोडून वाटी छताला लावा.
६. बल्ब लावून पेटवून बघा.
७. पुन्हा बंद करून मग शेड आणि लोलक. हातात सुती मोजे घाला, नाहीतर प्रत्येक लोलकावर बोटाचा ठसा राहतो.

दोन माणसं लागतात, एक शिडीवर, एक खाली धरायला. टेबलावर खुर्ची ठेवून हे काम करू नका आणि वायरमनलाही करू देऊ नका.

टप्पा १० : पहिला आठवडा आणि नंतरची पुसापुशी

पहिल्या संध्याकाळी दोन तास सलग पेटवून ठेवा. करपल्याचा वास, गुणगुण किंवा लुकलुक जाणवली तर लगेच बंद करून वायरमनला बोलवा. आठवड्याने वाटी छतापासून सुटली नाही ना, झुंबर कलतं नाही ना ते बघा. कलत असेल तर बहुतेक वेळा लोलक एका बाजूला जास्त अडकवलेले असतात.

पुसताना एमसीबी बंद, बल्ब थंड. पाण्याचा फवारा झुंबरावर मारू नका, फडक्यावर मारा. सगळ्यात महत्त्वाचं, पुसायला सोयीचं म्हणून झुंबर गोल फिरवू नका, स्वतः शिडी फिरवा. फिरवल्याने वरचा आट्यांचा जोड हळूहळू सुटत जातो आणि आतली वायर पिळवटते. आमच्या कामावरच्या एका घरी दर दिवाळीला झुंबराला असंच दोन गिरक्या देऊन पुसायचे, चौथ्या दिवाळीला ते हातातच आलं.

उरलेल्या शेड, लोलक, एक बल्ब, बिल आणि छताचे ते फोटो छापून एका खोक्यात घाला आणि खोक्यावर जाड अक्षरात ‘झुंबर’ लिहून माळ्यावर अगदी पुढे ठेवा, सतरंजीच्या मागे नाही.